मामा ड्यूटीवर आहेत

माझ्या नवऱ्याच्या मामांनी उभ्या आयुष्यात काडीचं काम केलेलं नाही. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. ते स्वतःच चारचौघांत छातीवर हात ठेवून तसं सांगतात. "काम आपुन कवाच केलं न्हाई. केली ती ड्यूटी." दौंडच्या रेल्वे यार्डात ते पॉइंट्समन होते. म्हणजे गाडीने कुठल्या रुळावरून कुठल्या रुळावर जायचं ते सांधे फिरवायचे, डबे जोडायचे आणि सोडायचे, हिरवं-लाल निशाण दाखवायचं. नोकरीला लागले तेव्हा ओठावर मिसरूड धड नव्हतं आणि निवृत्त झाले तेव्हा डोक्यावर केस धड नव्हते. मधल्या काळात हा एक शब्द त्यांच्या तोंडात असा बसला की त्याच्यापुढे तंबाखूलाही जागा राहिली नाही. लोक फोनवर "हॅलो" म्हणतात, "जेवलात का" म्हणतात. मामा विचारतात, "ड्यूटीवर हाय का रेस्टला?" मी शिरूरला पिठाची गिरणी आणि मिरची-मसाल्याचं कांडप चालवते, त्यामुळे दिवसा मी ड्यूटीवरच असते. तसं सांगितलं की मामा समाधानाने म्हणतात, "मंग ठिवतो. ड्यूटीवरच्या मान्साशी बोलू न्हाई." आणि खरंच ठेवतात. फोन कशासाठी केला होता ते मग संध्याकाळी मीच त्यांना फोन करून विचारायचं.

रोजीरोटीसाठी मराठीत जेवढे शब्द फिरतात त्या सगळ्यांची मामांनी उतरंड लावून ठेवली आहे. नोकरी म्हणजे जी लागते. सर्व्हिस म्हणजे जी झाली, असं निवृत्त माणूस सांगतो. जॉब म्हणजे जो हल्लीची पोरं धरतात आणि दिवाळीच्या आत सोडतात. काम हा त्यातला सगळ्यात खालचा शब्द, कारण "काम गाढव बी करतं". आणि सगळ्यांच्या डोक्यावर ड्यूटी. का, तर ड्यूटी घ्यावी लागते आणि द्यावी लागते. यार्डात रिवाज असा, की पाळी संपली म्हणून कुणी जागा सोडत नाही. बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिला पाहिजे. त्याला चार्ज द्यायचा, म्हणजे कुठल्या रुळावर काय उभं आहे, कुठला सांधा जड फिरतोय, ते तोंडाने सांगायचं. त्याने ते परत म्हणून दाखवायचं. मग सुटायचं. रिलीव्हर आला नाही तर घरी जेवण थंड होवो, सासरा वारो, पॉइंट सोडायचा नाही. यार्डासाठी हा नियम चांगलाच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. मामा तो घरी घेऊन आले, इथून पुढे आमची पंचाईत सुरू झाली.

मला त्याचा पहिला प्रसाद नणंदेच्या लग्नात मिळाला. मी तेव्हा नवी सून होते. माझ्या सासूबाई, म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण, मंडपाच्या गडबडीत जाता जाता भावाला म्हणाल्या, "आरं, तेवढं पाण्याच्या टाकीकडं बघ." असल्या वाक्याचा अर्थ कुठलाही शहाणा माणूस "एकदा नजर टाक" असाच घेईल. मामा टाकीशेजारी जाऊन उभे राहिले. आता आपल्याकडे मुलीच्या मामाने नवरीला मंडपात आणायचं असतं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं असतं, हे लहान पोराला ठाऊक असतं. मुहूर्त भरत आला. गुरुजी माइकवरून ओरडतायत, "मुलीचे मामा, मुलीचे मामा, लवकर या." मुलीकडची माणसं मुलाकडच्यांकडे बघेनात. शेवटी मला धाडलं. मामा टाकीजवळ ताठ उभे.

"मामा, चला, मुहूर्त टळतोय!"

"रिलीव्हर?"

"काय?"

"माज्या जागी कोन?"

"मी," मी म्हटलं. नव्या सुनेने दुसरं काय म्हणायचं?

"मंग नीट चार्ज घ्या. टाकी निम्म्याच्या वर हाय. डावी तोटी आवळली तर गळती, जरा सैल ठिवली तर न्हाई गळत. ग्लास खाली पडला तर इसळूनच वर ठिवायचा. त्यो झिपऱ्या पोरगा दिसतुया, त्येला तोटीला हात लावू द्यायचा न्हाई. समजलं?"

"समजलं."

"आसं न्हाई. बोलून दावा."

शालू, हिरवा चुडा, डोक्यावर पदर, अशा थाटात मी टाकी, तोटी, ग्लास आणि झिपरं पोर सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मग मामांनी टोपी सारखी केली आणि मंडपाकडे असे धावले की मागून येणाऱ्याला वाटावं, लग्न यांचंच आहे. मंगलाष्टकं मी टाकीपाशी ऐकली. फोटोत मामा नवरीच्या मागे छाती काढून उभे आहेत आणि मी कुठेच नाही. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत पाणी पुरलं, आणि ही गोष्ट आमच्या घरच्या कुठल्याच लग्नात आधी किंवा नंतर घडलेली नाही.

निवृत्तीच्या दिवशी यार्डातल्या लोकांनी हार, नारळ, शाल अशी सगळी तयारी केली होती. साहेब येऊन बसले. उत्सवमूर्तीचा पत्ता नाही. नेमका त्या दिवशी रिलीव्हर उशिरा आला आणि मामा स्वतःच्या निरोप समारंभाला सगळ्यांत शेवटी पोचले, तेही हातात निशाण तसंच धरून. तिथून पुढे त्यांचे हाल सुरू झाले. रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर सोडून मामा-मामी गावी, निमोण्याला आले. वाट्याची जमीन पुतण्या बघत होता आणि चांगली बघत होता. कांदा, झेंडू, थोडा ऊस, सगळं त्याच्या हाताखाली व्यवस्थित होतं. त्यात काकांची लुडबूड त्याला नको होती. मामींनी गाय घेतली आणि त्या आपल्या कामाला लागल्या. मामांना मात्र बसता येईना. घरातून स्टँडवर, स्टँडवरून घरी. चहा अर्धा प्यायचा, उठायचं. पेपर उघडायचा, घडी करायची. मोटार चालू झाली की विहिरीवर, बंद झाली की परत. एसटीने दौंडला जायचं, फलाटावरच्या बाकावर बसून गाड्या बघायच्या, ओळखीचं कुणी भेटलं तर "कोन हाय ड्यूटीवर?" विचारायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचं. त्यांना नुसतं बघूनही आम्हाला दम लागायचा.

मग त्यांना माझी गिरणी आठवली. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे मिरची कुटायला बायकांची रांग लागते. मामा "मदतीला" आले आणि पहिल्याच दिवशी दारात उभे राहून एकेका बाईला हाताने थांबवू आणि हाताने आत सोडू लागले. आत यंत्राचा धडधडाट, मिरचीचा ठसका, बाहेर हा सिग्नल. एक ओळखीची बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अवं मामा, मिरची कुटाया आलोय, इंजिन जोडाया न्हाई." मामांनी तिला रांगेच्या शेवटी पाठवलं. मला चहाला उठायचं झालं तरी चार्ज द्यायला लागायचा: ज्वारी कुणाची, किती झाली, पट्टा कुठं घासतोय. मी एकदा घाईत तशीच उठले तर त्यांनी गिरणीच बंद केली. "बेवारशी मशीन चालू ठिवत न्हाईत." गिऱ्हाईक तुटायची वेळ आली. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "मामा आहेत गं, कसं बोलू?" मग मीच बोलले. मामांच्याच भाषेत बोलले.

"मामा, तुमची बदली झाली."

मामा चपापले. "कुठं?"

"निमोण्याला."

"कवापास्नं?"

"उद्यापासून."

"बरं." रेल्वेचा माणूस बदलीवर वाद घालत नाही. त्यांनी मला चार्ज दिला, मी तो म्हणून दाखवला, आणि ते एसटी पकडून गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी त्यांची साहेब झाले. माझ्या गिरणीतलं त्यांना काय कमी-जास्त वाटलं असेल ते असो, पण साहेबाचा मान त्यांनी ठेवला, आणि त्याचा मला पुढे बराच ताप झाला.

बदली झाली तरी निमोण्यात त्यांना ड्यूटी अशी नव्हतीच. मग ते दुसऱ्यांच्या ड्यूट्या तपासू लागले. एकदा मी तिथे गेले होते तेव्हा भावकीतला एक मुलगा पेढे घेऊन आला. रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीत लागला होता. मामी गायीचं पाणी ठेवून ओट्याशी आल्या होत्या.

"काका, जॉब लागला."

"ब्येस. ड्यूटी कवाची?"

"जनरल शिफ्ट."

"तू निघालास की तुज्या जागी कोन येतं?"

"कोण नाय. मशीन बंद करायचं, हात धुवायचे, बसमध्ये बसायचं."

मामांनी पेढा हातातच धरला. "मंग ती ड्यूटी न्हवं, बाळा. ते काम. ज्येच्या जागी दुसरा मानूस येऊन हुभा ऱ्हातो, त्येची ड्यूटी."

मुलगा हसून गेला. मामी मात्र तिथेच थांबल्या. मामी अंगाने काटकुळ्या आणि जिभेने दणकट.

"अवं, मंग माज्या जागी कोन येतं?"

"तुज्या जागी कशाला कोन यील? तुजं काम हाय."

"मंग मी सुटायची कवा?"

"कामातनं मानूस सुटत न्हाई. ड्यूटीतनं सुटतो."

"बरं झालं सांगितलं," मामी म्हणाल्या. "मी आपली उगं वाट बघत बसले असते." आणि बादली उचलून गोठ्यात गेल्या. मामांनी पेढा खाल्ला. आपण काही बोललो असं त्यांना वाटलंही नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मामी गोठ्यात ओल्या फरशीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. शिरूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, वरून प्लास्टर. मामींना मी आमच्या घरी आणलं. सोलापूरकडे दिलेली त्यांची मुलगी धावत आली, पण तिच्या पोरांच्या परीक्षा होत्या, तिला परत जावं लागलं. आता निमोण्यातलं घर आणि गाय यांचं काय, असा प्रश्न पडला. पुतण्याची बायको करेल, दोन घास देईल, असं आम्ही धरून चाललो होतो. तर दुपारी मामा आले. धुतलेला सदरा, पायांत बूट. मामींच्या खाटेसमोर सावधानमध्ये उभे राहिले.

"दे," म्हणाले.

"काय देऊ?"

"चार्ज."

मामींना वाटलं, चेष्टा करतायत. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मिरच्यांची देठं खुडत बसले होते. म्हटलं, "द्या मामी. त्याशिवाय हे हलणार नाहीत."

मामींनी तोंड वाकडं करून सुरुवात केली. गाईची धार डाव्या अंगाला बसून काढायची, उजवीकडं बसलं की लाथ घालती. मामांनी म्हटलं, "डाव्या अंगाला. पुढं?" बसायच्या आधी तिच्या पाठीवर हात ठिवायचा. मोठ्या शेगडीचं बटन दाबून फिरवायचं. बिस्किटाचं चित्र हाय त्या डब्यात डाळ, पत्र्याच्या डब्यात बिस्किटं. विरजणाचं पातेलं थंडीत ज्वारीच्या पोत्यापाशी ठिवायचं, न्हाईतर लागत न्हाई. शेजारची म्हातारी दुपारी दारात येऊन नुस्ती हुभी ऱ्हाती, ती मागत न्हाई, तिला ताक द्यायचं. पुतण्याच्या बायकूचं समदं ऐकून घ्यायचं, पन कशाला व्हय म्हनायचं न्हाई. मामा एकेक गोष्ट परत म्हणत होते. मामींचा राग कधी गेला आणि त्या डोळे मिटून घरातून एकेक पाऊल चालायला कधी लागल्या, कळलं नाही.

"तुमच्या च्यात अर्धी साखर."

"माज्या च्यात..." मामा अडखळले. "अर्धी?"

"डाक्टर बोलला तवापास्नं. न सांगता दिला तर पिता गुमान, सांगितलं आसतं तर भांडला आसता."

"अर्धी साखर. पुढं?"

पुढं बरंच होतं. देठं खुडून माझी पाटी भरली, मी चहा ठेवला, तरी मामींचं संपेना. मधेच मामा म्हणाले, "हे समदं रोजचं?"

"न्हाई," मामी डोळे न उघडता म्हणाल्या. "दसरा-दिवाळीला जरा जास्त आसतं."

चार्ज पुरा झाला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ असावी. संध्याकाळच्या एसटीला उशीर होत होता म्हणून उरलेला फोनवर द्यायचा असं ठरवून ते गेले.

नंतर मामींना घरी पोचवायला गेले तेव्हा मी ते स्वयंपाकघर पाहिलं. मामा यार्डातला जुना निळा सदरा घालून उभे होते. खांद्यावर लाल फडकं. फोडणी द्यायच्या वेळी ते फडकं दाराच्या कडीला अडकवायचं. ते लटकत असेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. शेजारची म्हातारीसुद्धा ताकासाठी फडकं निघायची वाट बघत ओट्याखाली उभी. भाकरी रुळाखालच्या स्लीपरएवढी जाड. पण दूध एकदाही उतू गेलं नव्हतं, कारण दूध तापेपर्यंत हा माणूस पातेल्यासमोर उकिडवा बसून त्याच्यावर नजर रोखून असायचा. माझं दूध दर दोन दिवसांनी उतू जातं. मी काय बोलणार? जेवण वेळेवर. भूक लागो न लागो, ताट समोर. पुढच्या खेपेला मामी मला म्हणाल्या, "पोरी, भूक लागायच्या आदी ताट येतं. आन् भूक लागल्यावर मागितलं तर म्हनत्यात, आता पुढची गाडी सांच्याला."

हळूहळू भाकरी पातळ झाली. गाय डाव्या अंगाला शांत उभी राहू लागली. आणि माझ्या लक्षात आलं, की मामांचा फोन येणं बंद झालंय. दौंडच्या फेऱ्या बंद झाल्या. मीच फोन केला तर "ड्यूटीवर हाय" असं दोन शब्दांत सांगून ठेवून द्यायचे, आणि आवाज असा निवांत, की ओळखू येऊ नये. बायको पडल्यावर माणूस सुधारला, असं माझा नवरा म्हणाला. बोलायला वाईट वाटतं, पण खरं होतं.

आता फोन मामींचे येऊ लागले. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, डॉक्टरांनी सांगितलं, आता सगळं करायला लागा. आणि मामा स्वयंपाकघर सोडेनात. रेल्वेत आजारी माणूस रजेवरून आला की त्याला तसाच कामावर घेत नाहीत. डॉक्टरने तो फिट आहे असं म्हणावं लागतं. आमच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, पण ते रेल्वेचे नव्हते. मामी दिवसभर ओट्यावर, अंगणात, परत ओट्यावर. गोठ्यात गेल्या की मामा मागे हजर. झाकण उचललं की आतून आवाज, "कोन हाय?" शेवटी एका सकाळी फोनवर त्या रडवेल्या झाल्या, आणि मामी रडवेल्या होणं म्हणजे काय ते ज्याने त्यांना पाहिलंय त्यालाच कळेल. "तू ये बाई. त्ये म्हनत्यात सूनबाईनं फिट म्हटलं तर मानीन. माज्याच घरात मी पाव्हनी झालीया. घर माजं हाय का न्हाई, येवढं ठरवून जा."

गिरणी अर्धा दिवस बंद ठेवून मी स्कूटर काढली. जाताना ठरवूनच गेले होते: मामांना दोन शब्द सुनवायचे, मामींच्या हातात पळी द्यायची आणि मिरच्यांची रांग लागायच्या आत परत यायचं. मी गाडी लावते तोच मामांनी मला हाताने गोठ्याकडे बोलावलं. गाईच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता बोलले.

"सूनबाई, हात बरा झालाय तिचा. मला दिसतंय की."

"मग?"

"मंग काय. तुमी फिट म्हनाल, मी चार्ज दीन. नियम हाय." गाईने शेपटी मारली तरी ते हलले नाहीत. "पन म्हंजी, मी पुन्यांदा रिटायर व्हायचं, न्हवं का? मागल्या वक्ताला झालो, तवाच लई जड गेलं."

गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे आणि ती वरून उघडी आहे, हे मला तेव्हा आठवलं नाही.

आत गेले. म्हटलं, बोलाचालीचं काम नाही, मामींनी भाकरी करून दाखवावी. परात, पीठ, पाणी घेतलं. मामा समोर उकिडवे बसले, दुधासमोर बसतात तसे. मामींनी पहिल्यांदा मनगट जपलं, मग विसरल्या, आणि तळव्याचा सगळा भार देऊन पीठ मळायला लागल्या. थाप-थाप आवाज घरभर झाला. भाकरी तव्यावर पडली, उलटली, जाळावर टम्म फुगली. मामांनी पापुद्रा काढून बघितला, एक तुकडा मोडून खाल्ला, सावकाश चावला.

"फिट हाय," तेच म्हणाले. माझ्यासाठी थांबलेच नाहीत. खांद्यावरचं लाल फडकं काढलं, त्याची चौकोनी घडी केली आणि मामींच्या परातीशेजारी ठेवून उभे राहिले.

मामींनी फडक्याकडे बघितलं. ज्यासाठी मला शिरूरहून बोलावलं, ते समोर पडलं होतं. मला वाटलं, झडप घालतील. मामींनी हाताचं पीठ परातीच्या काठाला पुसलं आणि मनगट चोळायला लागल्या.

"फिट कसली वो? येक भाकर झाली की कळ यायला लागली. सकाळचं करीन मी. दोन्ही टायमाला न्हाई व्हनार माज्यानं."

त्या डावं मनगट चोळत होत्या. मोडलं होतं ते उजवं.

मामांनी त्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पिठाच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. ते झाकण चांगलं घट्ट बसतं, तरी मी बराच वेळ लावत राहिले.

"आसं आसंल," मामा शेवटी अत्यंत कडक आवाजात म्हणाले, "तर लाइट ड्यूटी द्यावी लागंल. सकाळ तुजी. सांच्याची माजी. आन् चार्ज दिल्याबिगर कुनी हलायचं न्हाई."

"न्हाई हलत," मामी म्हणाल्या. "मी कवा हलली?"

त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवणं झाली, ऊन कलायला लागलं, आणि मामींनी चार्ज दिला: दूध विरजायचं राहिलंय, म्हातारीचं ताक दिलंय, डाळ भिजत घातलीय. मामांनी म्हणून दाखवलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि आत गेले. मामी बाहेर येऊन ओट्यावर माझ्या शेजारी बसल्या. आत झाकण वाजलं, त्या उठल्या. "बस तितंच," आतून आवाज. बसल्या. पदराचा सुटलेला दोरा ओढून तोडला. ओट्यावरचं नसलेलं कुसळ उचललं. परत काहीतरी पडलं आत, परत अर्ध्या उठल्या, परत बसल्या. मग दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "पोरी, ड्यूटी सुटल्यावर करत्यात काय गं मानसं?"

मला काय ठाऊक? माझ्या डोक्यात गिरणीपुढची मिरच्यांची पोती होती.

मामा दारात आले होते. फडक्याला हात पुसत होते. "मला बी कवा जमलं न्हाई त्ये," एवढंच म्हणाले, आणि दूध तापत होतं म्हणून घाईने आत वळले.

मी स्कूटर चालू केली. वळणाशी येऊन आरशात बघितलं. मामी अजून तिथेच होत्या, एक पाय ओट्याखाली सोडून, आता उठतील तेव्हा उठतील अशा बेताने. पण बसलेल्या होत्या.